चायनीज परतायला नूडल्स: कोणत्या घ्यायच्या, कुठे मिळतात आणि नाही मिळाल्या तर काय वापरायचं

घरच्या चायनीज नूडल्सबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गिच्च झाल्या, तुटल्या, सगळा सॉस पिऊन बसल्या, गाडीवरच्यासारख्या सुट्या होत नाहीत. मग सॉसची बाटली बदलली जाते, गॅस मोठा केला जातो, कुणी नवी कढई आणतं. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेला असतो, दुकानात किंवा उकडताना. या लेखात म्हणूनच भाज्यांबद्दल आणि सॉसबद्दल थोडंच आहे. नूडल्स निवडायच्या कशा, हव्या त्या मिळाल्या नाहीत तर त्यांच्या जागी काय चालतं आणि कढईत जाण्याआधी त्यांचं काय करायचं, यावरच भर आहे.

आधी पदार्थ ठरवा, नूडल्स त्यानंतर

चीनमध्ये नूडल्सचे शेकडो प्रकार आहेत, पण घरी परतण्यापुरत्या तीन जाती ओळखता आल्या की काम भागतं. गव्हाच्या, तांदळाच्या आणि मुगाच्या स्टार्चच्या. पाकिटावरचं नाव काहीही असो, आतली नूडल या तिघांपैकी कोणती आहे हे आधी बघायचं. पर्याय शोधतानाही जात सोडायची नाही. गव्हाच्या जागी गव्हाचंच काहीतरी घ्या, तांदळाच्या जागी तांदळाचंच. सगळी गल्लत होते ती हे न पाळल्यामुळे.

आपण ज्याला चाउमिन किंवा हक्का नूडल्स म्हणतो त्या गव्हाच्या, आणि बहुतेकदा खार (पापडखारासारखा क्षार) घातलेल्या. शांघायकडे जाड गव्हाच्या नूडल्स गडद सोया सॉसमध्ये परततात. त्या जवळजवळ पेन्सिलीएवढ्या जाड असतात. ग्वांगझूचे हो फन म्हणजे तांदळाच्या रुंद, मऊ पट्ट्या. सिंगापूर नूडल्स हा नाव सिंगापूरचं असूनही हाँगकाँगच्या कँटोनीज हॉटेलांतला पदार्थ आहे. त्यात करी पावडर असते आणि तांदळाच्या केसासारख्या बारीक नूडल्स. सिचुआनच्या मुंग्यांच्या नावाच्या प्रसिद्ध पदार्थात खिम्याबरोबर मुगाच्या पारदर्शक नूडल्स असतात.

‘हक्का’ ही नूडलची जात नव्हे. हक्का हा चिनी लोकांमधला एक समाज. त्यातले बरेच लोक कोलकात्यात स्थायिक झाले आणि तिथल्या टांगरा भागातले चामड्याचे कारखाने त्यांनी चालवले. त्यांच्या हॉटेलांतून भारतीय चायनीज देशभर गेलं आणि पाकिटावर हे नाव बसलं. त्यामुळे दोन कंपन्यांच्या हक्का नूडल्स एकसारख्या असतीलच असं नाही. एक चपटी निघते, एक गोल. एक तीन मिनिटांत शिजते, दुसरीला सहा लागतात.

पाकिटाची मागची बाजू

चिनी गव्हाच्या नूडल्समध्ये आणि आपल्या शेवयांमध्ये खरा फरक खाराचा आहे. पिठात सोडियम कार्बोनेट किंवा पोटॅशियम कार्बोनेट मिसळलं की त्यातलं ग्लुटेन घट्ट होतं. नूडल दाताखाली ताणली जाते, पाण्यात लवकर विरघळत नाही, आणि परतताना झाऱ्याचा मार सोसते. लांझोऊच्या हाताने ओढलेल्या नूडल्समध्ये पूर्वापार एका रानझुडपाच्या राखेचा खार घालत आले आहेत. खाराने पिठाला पिवळसर छटाही येते. मैद्यात मुळातच असलेली काही रंगद्रव्यं क्षाराने पिवळी होतात, हळद सोडा लागला की लाल होते तसंच.

त्यामुळे दुकानात घटकांची यादी वाचताना ५०० आणि ५०१ हे आकडे शोधा. ५००(i) म्हणजे सोडियम कार्बोनेट, ५०१(i) म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. यातलं एखादं यादीत असेल तर नूडल परतायच्या कामाची. ४१२ म्हणजे गवार गम, तो चिकटपणासाठी असतो आणि त्यात वावगं काही नाही. १०२ दिसला तर पिवळेपणा खाराचा किंवा अंड्याचा नाही, टार्ट्राझीन या रंगाचा आहे. नुसते मैदा, मीठ आणि पाणी असलेल्या नूडल्स वाईट नसतात, पण त्या रश्श्यात जास्त शोभतात.

‘एग नूडल्स’ लिहिलेल्या पाकिटावर हिरवी खूण असेल तर आत अंडं नाही. ते फक्त नाव आहे. अंडं असेल तर आपल्याकडे तपकिरी खूण छापावीच लागते. शाकाहारी घरांना हे सोयीचं, आणि ज्यांना खरी अंड्याची चव हवी त्यांनी हिरव्या खुणेवर पैसे घालवू नयेत.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकन चॉप्सीसाठी तळलेल्या कुरकुरीत नूडल्सची पाकिटं त्याच फळीवर ठेवलेली असतात. त्या उकडायच्या नसतात. घाईत हात तिकडे जातो.

किराणा दुकानात पारदर्शक पिशवीतून सुट्या, गर्द पिवळ्या नूडल्सही मिळतात. चायनीजच्या गाड्यांना लागणारा तो माल. स्वस्त असतो, गाडीवरच्या चवीच्या जवळही जातो. पण त्यावर घटक लिहिलेले नसतात, तारीख नसते, आणि पाण्याला लिंबासारखा पिवळा रंग सुटला तर तो काय आहे हे सांगणारं कुणी नसतं. मी त्या घेत नाही.

कुठे शोधायच्या

सुक्या गव्हाच्या नूडल्स आता तालुक्याच्या गावातही मिळतात. चिंग्जसारख्या कंपन्यांची पाकिटं किराणा दुकानात सॉसच्या बाटल्यांशेजारी असतात. १५० ग्रॅमच्या आसपासचं पाकीट दोघांना पुरतं. माणशी ७५ ते ८० ग्रॅम सुक्या नूडल्स हा हिशेब धरा. उकडल्यावर त्या वजनाने दुपटीहून जास्त होतात.

तांदळाच्या चपट्या नूडल्स आणि मुगाच्या पारदर्शक नूडल्स यांच्यासाठी जरा हिंडावं लागतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटातली आयात मालाची दुकानं, पुण्यात कॅम्पातलं दोराबजी, बाकी शहरांत मोठे मॉल, आणि आता घरपोच सामान देणारी अ‍ॅपं. इथे मिळणाऱ्या चपट्या तांदळी नूडल्स सहसा थायलंड किंवा व्हिएतनामच्या असतात. परतायला त्या चालतात. पाकिटावर रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ३ मिमी रश्श्याला, ५ मिमी परतायला, १० मिमी हो फनच्या जागी. मुगाच्या नूडल्सवर लोंगकोऊ हे नाव दिसलं तर घ्या. शांडोंग प्रांतातलं ते बंदर या मालासाठी नावाजलेलं आहे.

परदेशातल्या मंडळींची चैन आहे. अमेरिकेत एच मार्ट किंवा ९९ रँच मार्केट, इंग्लंडमध्ये विंग यिप, अशा दुकानांत सुक्या मालाची रांग ओलांडून थेट थंड कपाटापाशी जा. तिथे ताज्या नूडल्स असतात. पण दिसायला जुळ्या असलेल्या दोन पिशव्यांमध्ये गोंधळ होतो. वॉनटन नूडल्स पूर्ण कच्च्या असतात, वर पीठ भुरभुरलेलं असतं, आणि त्या सूपसाठी असतात. हाँगकाँग पद्धतीच्या ‘पॅन फ्राइड’ नूडल्स आधीच वाफवलेल्या असतात. त्यांना उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट पुरतं आणि त्या कढईसाठीच केलेल्या असतात. मऊ, सॉसात माखलेल्या नूडल्स आवडत असतील तर ‘लो मेन’ लिहिलेली जाडसर पिशवी घ्या. ताज्या नूडल्स माणशी १२० ते १५० ग्रॅम लागतात.

गव्हाच्या नूडल्स नसतील तर

पहिला पर्याय बहुतेकांच्या डब्यात असतोच आणि लोक त्याला कमी लेखतात. मॅगी किंवा टॉप रामेनसारख्या इन्स्टंट नूडल्स. या नूडल्समध्ये खार असतो, त्या वाफवून मग तेलात तळून सुकवलेल्या असतात, म्हणजे चिनी नूडलचं निम्मं काम कारखान्यातच झालेलं असतं. हाँगकाँगच्या चहाच्या हॉटेलांत इन्स्टंट नूडल्स परतून देतात, मलेशियात मॅगी गोरेंग हा रस्त्यावरचा लाडका पदार्थ आहे. मसाल्याची पुडी बाजूला ठेवा. वडी न मोडता उकळत्या पाण्यात टाका, दीड मिनिटात सुटी झाली की लगेच काढा, गार पाण्याखाली धरा. वळ्या तशाच राहतील आणि धागे आखूड लागतील, एवढंच. तळताना शोषलेलं तेल तिच्यात असतं म्हणून कढईत तेल कमी घाला.

दुसरा पर्याय स्पॅगेटीचा, आणि माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा आहे. सर्वांत बारीक स्पॅगेटी किंवा कॅपेलिनी घ्या. एक लिटर पाण्याला एक चमचा मीठ घाला, पाणी उकळलं की दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा हळूहळू सोडा. पाणी फसफसून वर येतं, म्हणून पातेलं मोठं आणि अर्धंच भरलेलं असू द्या. उकळत्या पाण्यात सोड्याचा काही भाग सोडियम कार्बोनेट होतो, आणि पिठात जो खार नव्हता तो स्पॅगेटीला पाण्यातून मिळतो. पाच-सहा मिनिटांत तिचा रंग गडद पिवळा होतो, पृष्ठभाग किंचित बुळबुळीत लागतो, आणि वास बदलून रामेनच्या दुकानासारखा येतो. काढल्यावर गार पाण्याने दोनदा स्वच्छ धुवा. धुण्यात आळस केला तर तोंडात साबणाची चव राहते. सोड्याच्या पाण्याला जर्मनचं पातेलं वापरू नका. क्षाराने अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि पाण्यात उतरतं. स्टीलच घ्या.

शेवयांबद्दल नेहमी विचारलं जातं. दुधाच्या खिरीसाठी मिळणाऱ्या आखूड, भाजलेल्या शेवया परतायच्या नूडल्सच्या जागी घालू नका, त्याचा उपमाच होतो. गावाकडच्या यंत्रावरच्या, उन्हात वाळवलेल्या लांब शेवया थोड्या उजव्या. त्यांना पाण्यात उकडायचं नाही. तेलाचा हात लावून, पाण्याचा हबका मारून, मोदकपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवायच्या आणि परातीत गार करायच्या. अशा शेवया सिंगापूर पद्धतीने, करी पावडर आणि भरपूर भाज्या घालून, बऱ्या लागतात. चाउमिनचा ताण मात्र त्यांच्यात येणार नाही.

शांघायच्या जाड नूडल्सना जपानी उदोन हा जवळचा जोडीदार. मोठ्या शहरांत हवाबंद पाकिटात शिजवलेल्या उदोन मिळतात. पाकिटातून काढल्यावर त्या विटेसारख्या चिकटलेल्या असतात. हाताने सोडवायला गेलात तर तुकडे होतील. उकळतं पाणी ओता, मिनिटभर थांबा, त्या आपोआप सुटतात.

घरी लाटून करायच्या असतील

रविवारचं काम आहे, पण अवघड नाही. खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवा. त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. वजन एक तृतीयांशाहून जास्त घटतं, यावरून झालं की नाही ते कळतं. हा सोडा नेहमीच्या सोड्यापेक्षा जहाल असतो. ओल्या बोटांनी हाताळू नका, बाटलीवर नाव लिहून हवाबंद ठेवा आणि भज्यांच्या पिठात चुकून घालू नका. पापडखार वापरावा का, असा प्रश्न येईलच. खार म्हणून तो याच कुळातला, पण दुकानागणिक तो वेगळा निघतो, त्यामुळे प्रमाण सांगता येत नाही. भाजलेला सोडाच बरा.

अडीचशे ग्रॅम मैदा घ्या. पाकिटावर १०० ग्रॅमला ११ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं लिहिलेली असतील तर उत्तम. १०५ मिली पाण्यात अडीच ग्रॅम भाजलेला सोडा (सपाट अर्धा चमचा) आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. अंडं चालत असेल तर एक फेटलेलं अंडं घेऊन पाणी तेवढंच कमी करा, दोन्ही मिळून १०५ ते ११० मिली झालं पाहिजे. पाणी थोडं थोडं शिंपडत बोटांनी पीठ मोकळं करा. त्याचा गोळा होणार नाही, भुगा होईल. पोळीच्या सवयीने इथे आणखी पाणी घालायचा मोह होतो, तो आवरा. भुगा मुठीत दाबून गोळा करा, झाकून अर्धा तास ठेवा, मग पिशवीत घालून वरून दाबून कुटा, पुन्हा अर्धा तास विसावा द्या. आता ते लाटता येतं. चार भाग करून, कॉर्नफ्लोअर भुरभुरत, पापडाएवढं पातळ लाटा. घडी घालून सुरीने बारीक कापा. पास्त्याचं यंत्र असेल तर हात वाचतील. सोऱ्यातून हे पीठ काढायचा प्रयत्न करू नका, ते इतकं घट्ट असतं की सोऱ्याचा दांडा वाकेल.

उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं. त्याहून जास्त नको.

तांदळाच्या नूडल्स

इथे आपल्याला दुकानाची फारशी गरजच नाही. चीनच्या बारीक तांदळी नूडल्स ज्या पद्धतीने होतात ती कोकणातल्या शिरवाळ्यांची पद्धत आहे. तांदळाचं पीठ शिजवायचं, भोकांतून दाबून काढायचं. चिनी कारखाना पुढे त्या वाळवतो, आपण नारळाच्या रसात बुडवतो. आणि हो फन ज्या पद्धतीने होतात, म्हणजे पातळ पीठ ताटलीत ओतून वाफवायचं आणि सोलून काढायचं, ती आपल्या सालपापड्यांची आणि तांदळाच्या फेण्यांची. उन्हाळ्यात घरात फेण्यांचा स्टँड बाहेर निघत असेल त्यांना हो फन शिकवावे लागणार नाहीत.

बारीक नूडल्ससाठी सर्वांत सोपा पर्याय म्हणजे दक्षिणेकडच्या वाळलेल्या तांदळी शेवया, ‘राइस सेवई’ म्हणून पाकिटात मिळतात त्या. उकळतं पाणी ओतून तीन-चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा, गार पाणी फिरवा, कात्रीने दोनदा कापा. न कापल्यास कढईत एकच जाळं तयार होतं आणि भाज्या कडेला राहतात. ताजे शिरवाळे वापरणार असाल तर ते पूर्ण गार होऊ द्या, तीन-चार तास तरी. तांदळाचा स्टार्च गार झाल्यावर आवळतो. गरम शिरवाळे कढईत टाकले तर त्यांचं पुन्हा पीठ होतं.

हो फनसाठी १०० ग्रॅम मोदकाची बारीक पिठी, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर (साबुदाण्याचा स्टार्च मिळाला तर तो जास्त चांगला), चिमूटभर मीठ, चमचाभर तेल आणि पावणेतीनशे मिली पाणी. अर्धा तास भिजू द्या. पसरट ताटलीला तेल लावा, पळीभर मिश्रण ओता, ताटली कलती करून सगळीकडे सारखं पसरवा. जाडी दोन-तीन मिलिमीटर. खळखळत्या पाण्यावर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. मधे फुगा आला आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी छटा आली की झालं. ताटली बाहेर काढून गार होऊ द्या, मग बोथट सुरीने कड सोडवून सोला. गरमागरम सोललं तर फाटतं. प्रत्येक वेळी ओतण्याआधी मिश्रण तळापासून ढवळा, पिठी खाली बसते आणि शेवटच्या ताटल्या रबरासारख्या होतात. सोललेल्या चकत्यांना तेल लावून एकावर एक ठेवा आणि दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. त्याच दिवशी वापरा. फ्रिजमध्ये त्या कडक होतात आणि मोडतात.

दुकानातल्या चपट्या सुक्या तांदळी नूडल्स मात्र उकळू नका. साध्या पाण्यात ३० ते ४५ मिनिटं भिजवा. वाकतात पण चावल्यावर अजून कच्च्या लागतात, अशा अवस्थेत गाळा. उरलेलं शिजणं कढईत, दोन-तीन चमचे पाणी शिंपडून होतं. पाकिटावर पाच मिनिटं उकळा असं लिहिलेलं असतं, ते सूपसाठी.

मुगाच्या पारदर्शक नूडल्सना घरगुती पर्याय नाही. फालुद्याची शेव दिसायला तशीच, पण ती आखूड असते आणि गरम कढईत विरघळते. कोरियन रताळ्याच्या नूडल्स मिळाल्या तर त्या चालतात, जाड असतात म्हणून जास्त वेळ शिजवा. दोन्ही नसतील तर दुसरा पदार्थ करा.

उकडणं आणि वाळवणं

लेखात एवढाच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. सुकी नूडल कोणतीही असो, ती कढईत जाताना थोडी कच्ची आणि बाहेरून कोरडी असली पाहिजे.

गव्हाच्या १५० ग्रॅम नूडल्सना किमान दीड लिटर पाणी. पाणी खळखळल्यावरच नूडल्स टाका. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी एक धागा काढून दाताने तोडा आणि टोक बघा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसत असेल तर लगेच गाळा. ठिपका नाहीसा झाला असेल तर उशीर झाला, त्या नूडल्स सूपमध्ये घाला. गाळल्यावर गार पाण्याखाली हाताने हलवत धुवा, वरचा स्टार्च गेला पाहिजे. रोवळीत किंवा भाताच्या चाळणीत पाच मिनिटं निथळा. चाळणी दोन-तीनदा झटका.

मग दोन चमचे तेल चोळून परातीत किंवा स्वच्छ पंचावर पसरा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवा. हीच पायरी घरोघरी गाळली जाते. ओल्या नूडल्स तापलेल्या कढईत टाकल्या की आधी पाण्याची वाफ होते, कढई गार पडते आणि नूडल्स परतण्याऐवजी पुन्हा शिजतात. गाडीवाला सकाळी उकडून ठेवतो आणि संध्याकाळी परततो, म्हणून त्याच्या सुट्या राहतात. पावसाळ्यात अर्ध्या तासात वाळत नाहीत. तेव्हा सकाळी उकडून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजची हवा कोरडी असते, संध्याकाळपर्यंत छान सुकतात.

कढईत

घरच्या मोठ्या बर्नरची आचसुद्धा गाडीवरच्या भट्टीच्या पासंगाला पुरत नाही. त्यावर तोड एकच, एका वेळी दोन माणसांपुरतंच करा. चार जण असतील तर दोन फेऱ्या. लोखंडी किंवा बिडाची कढई घ्या. नॉनस्टिक इतकी तापवायची नसते.

हाँगकाँगच्या नाश्त्यातल्या सोया सॉसच्या नूडल्स करून बघा, कारण त्यात लपायला जागा नाही. १५० ग्रॅम सुक्या नूडल्स वर सांगितल्याप्रमाणे तयार करा. वाटीत दोन चमचे हलका सोया सॉस, एक चमचा गडद सोया सॉस, अर्धा चमचा साखर आणि एक मोठा चमचा पाणी कालवून ठेवा. आपल्याकडचे गडद सॉस खूप खारट असतात. बोटावर चाखून घ्या आणि वरून मीठ घालू नका. दोन मुठी लांब मोडांचे मूग आणि बोटभर लांबीचा चिरलेला पातीचा कांदा. उसळीचे मोड इथे आखूड पडतात. मूग चाळणीत घालून, ओल्या फडक्याने झाकून, वर वजन ठेवा, दिवसातून दोनदा पाणी फिरवा आणि उजेड लागू देऊ नका. पाच-सहा दिवसांत लांब, जाड, पांढरे मोड येतात.

कढईतून धूर निघायला लागला की दोन मोठे चमचे तेल फिरवा. मोड अर्धा मिनिट परतून बाहेर काढा. पुन्हा थोडं तेल, मग नूडल्स पसरून टाका आणि हात आवरा. मिनिटभर अजिबात हलवायचं नाही. सुरुवातीला फसफस ऐकू येते, तो उरलेल्या ओलाव्याचा आवाज. तो बदलून कोरडं तडतड सुरू झालं की खालच्या बाजूला तांबूस डाग पडलेले असतात. आता उलथन्याने खालून उचलून उलटा, दुसरी बाजू तशीच होऊ द्या. मग सॉस नूडल्सवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडा, तो तिथेच करपत खाली येतो आणि गाडीवरचा म्हणून जो वास आठवतो तो येतो. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात उलथनं घेऊन नूडल्स उंच उचला, झारून सोडा. ढवळल्याने तुटतात. मोड आणि पात परत घाला, दहा सेकंदांत गॅस बंद करा. तिळाचं तेल असेल तर अर्धा चमचा आच बंद केल्यावर, चिनी पद्धतीचं, भाजलेल्या तिळांचं. आपल्या घाण्याचं कच्च्या तिळांचं तेल तो वास देत नाही.

कोबी, गाजर, ढोबळी मिरची घालायची असेल तर तीही वेगळी परतून बाजूला काढा. चिकन किंवा कोळंबीही तशीच. सगळं एकत्र कढईत कोंबलं की पाणी सुटतं आणि वाळवण्याची मेहनत वाया जाते. तांदळाच्या नूडल्सना हीच कृती, फक्त तेल थोडं जास्त आणि उलथनं थोडं हळू. हो फन तर उलथन्याच्या सपाट बाजूने ढकलतच परतायचे.

उकडून तेल लावलेल्या गव्हाच्या नूडल्स झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. दोन माणसांच्या हिशेबाने पिशव्या करून गोठवल्या तर महिनाभरही चालतात. गोठवलेल्या पिशवीवर उकळतं पाणी न ओतता ती फ्रिजमध्ये सुटू द्या, नाहीतर बाहेरून गिच्च आणि आतून बर्फ. परतून झालेल्या नूडल्स उरल्या तर दुसऱ्या दिवशी तव्यावर तेल न घालता, पाण्याचा एक हबका मारून, झाकण ठेवून गरम करा.